दाभोळ-धोपावे: फेरीबोट की पूल? हिशोब नीट मांडूया

खाडीकाठचा

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर ज्या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, त्यांत आमची दाभोळची खाडीही आहे. काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून या रस्त्याची चर्चा आम्ही ऐकत आलो. आता ती खरी होण्याच्या जवळ आली आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेला दाभोळ (दापोली तालुका) आणि दक्षिणेला धोपावे (गुहागर तालुका). २००३ पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, आमच्याकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ती नसती तर दापोलीहून गुहागरला जायला खेड, चिपळूण करून साधारण शंभर किलोमीटरचा वळसा. रात्री दहाच्या सुमारास शेवटची फेरी जाते, त्यानंतर वळशाला पर्याय नाही.

पूल झाला पाहिजे की नको, यावर गावात दोन तट आहेत. दोन्हीकडे मला एक गोष्ट खटकते. पुलाच्या बाजूने बोलणारा प्रत्येकजण "शंभर किलोमीटर वाचतील" म्हणतो. पण ते शंभर किलोमीटर फेरीने २००३ सालीच वाचवले आहेत! दिवसा हा वळसा आज कोण घालतो? अवजड ट्रक, उशीर झालेला माणूस आणि वादळात फेरी बंद असेल तेव्हा अडकलेले. पुलाचा फायदा मोजायचा तर आजच्या फेरीशी तुलना करून मोजला पाहिजे. म्हणजे फेरी ज्या वेळी आणि ज्या गाड्यांना चालत नाही तो भाग, अधिक रांगेतला वेळ, अधिक तिकीट. तेवढाच पुलाचा खरा नफा. तो किती आणि त्यासाठी खर्च किती, हे कुणी मांडेल का?

वेलदूरची_लेक

दादा, तुम्ही दाभोळचे दिसता. आमच्या बाजूने सांगते.

माझे वडील मच्छीमार, आता थकले. पूर्वी होडीने पलीकडे जायचो, ओहोटीला चिखलात उतरायला लागायचं, बायकामाणसं साड्या वर खोचून टोपल्या डोक्यावर घेऊन जायची. फेरीबोट आली तेव्हा आमच्यासाठी तो पूलच होता. त्यामुळे फेरीला नावं ठेवणं मला जमणार नाही.

पण रात्रीचं काय? आमच्याकडून गुहागरचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. तिथून पुढे पाठवलं तर चिपळूण किंवा डेरवण. धोपाव्याहून दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय खाडी ओलांडली की तीसेक किलोमीटरवर, चिपळूण त्याच्या दुप्पट. दिवसा लोक दापोलीला नेतात. रात्री अकराला पोटुशी बाई असेल तर तिला घाटातून चिपळूणला न्यायचं. हा फरक पैशात कसा मांडणार?

लेखाजोखा

मांडता येतो, आणि मांडलाच पाहिजे, कारण तो मांडला नाही तर निर्णय घेणारा तो शून्य धरतो.

मी पुलांच्या खर्चाचे अंदाज तपासण्याचं काम अनेक वर्षं केलं आहे. इथल्या पुलाचा नेमका आकडा मी देत नाही, निविदांचे आकडे बदलत असतात. हिशोबाची रीत कळावी म्हणून एक रक्कम गृहीत धरू, ८०० कोटी. हे फक्त उदाहरण आहे.

८०० कोटींवर ८ टक्के दराने वर्षाचं व्याज ६४ कोटी. मुद्दल आणि देखभाल अजून धरलेलीच नाही. दिवसाला झाले साधारण साडेसतरा लाख. आता दिवसाला २,००० वाहनं गेली तर प्रत्येक वाहनामागे पावणेनऊशे रुपये. ५,००० गेली तर साडेतीनशे. १०,००० गेली तर पावणेदोनशे. म्हणजे सगळं वाहनांच्या संख्येवर आहे. फेरीची रोजची वाहनं मोजायला अवघड नाहीत, प्रत्येक गाडीला तिकीट फाडलं जातं. ती संख्या घ्या आणि पूल झाल्यावर ती किती पटींनी वाढायला हवी ते पाहा.

वाढेल हे नक्की. पूल झाला की जी माणसं आज निघतच नाहीत ती निघतात. पण गणिताचा एक नियम लक्षात ठेवा: जो आज फेरीने जातो त्याला पुलाचा पूर्ण फायदा मिळतो. जो पूल झाला म्हणून प्रथमच निघाला, त्याचा फायदा सरासरीने अर्धाच धरतात, कारण त्याला त्या प्रवासाची तेवढी निकड नव्हती. अहवालांत अनेकदा नव्या वाहनांनाही पूर्ण फायदा लावतात आणि वर शंभर किलोमीटरचं डिझेल वाचलं असं दाखवतात. खाडीकाठचा यांचा मुद्दा म्हणूनच फार महत्त्वाचा आहे.

आता रात्रीच्या रुग्णाचं. रात्री दहा ते सकाळी सहा एक बोट आणि चार माणसं तयार ठेवायला सरकारने वर्षाला दोन कोटी दिले असं धरा. हा आकडाही मी ढोबळच धरतो आहे. तरी पुलाच्या नुसत्या व्याजाच्या बत्तिसाव्या भागात रुग्णवाहिकेचा प्रश्न सुटतो, आणि तोही पुढच्या महिन्यापासून. पूल व्हायला पाच-सात वर्षं लागतील. त्या वर्षांतल्या रात्रींचं काय करायचं, हा प्रश्न पूल हवा म्हणणाऱ्यांनीही विचारायला हवा.

वेलदूरची_लेक

हे पटलं. रात्रीची बोट आम्ही मागितली नाही कारण कुणी सांगितलंच नाही की ती मागता येते. पूल मागायचा एवढंच शिकवलं गेलं.

साकव

बोटीवर एवढा भरवसा ठेवू नका मंडळी. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, सगळीकडे हाहाकार. अशा वेळी बोट किनाऱ्याला बांधूनच ठेवायला लागते. मदतीची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

खाडीकाठचा

बरोबर. पण पूल म्हणजे कायमची हमी असंही कोकणात म्हणता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा जुना पूल रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २०२१ च्या जुलैतल्या महापुरात चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीचा पूल खचला आणि मुंबई-गोवा वाहतूक थांबली. सावित्रीवरच खाली आंबेत-म्हाप्रळचा पूल दुरुस्तीसाठी वाहनांना बंद केला, तेव्हा लोकांची सोय कशाने झाली? जंगलजेट्टीने. पूल असलेल्या जागी पुन्हा बोट आणावी लागली. त्या वेळी बोटी आणि त्या चालवणारी अनुभवी माणसं जवळपासच्या खाड्यांवर होती म्हणून ते जमलं. सगळ्या खाड्यांवर पूल झाले आणि बोटी भंगारात गेल्या, तर पुढच्या वेळी कुठून आणणार?

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे हे अक्षरशः घडलं आहे. पणजी आणि पर्वरी जोडणारा मांडवीवरचा पूल १९७०च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. खाऱ्या हवेने आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. मधली सहा वर्षं राजधानीची वाहतूक फेरीबोटींवर चालली. घरातल्या मोठ्या माणसांना बेतीच्या धक्क्यावरच्या रांगा अजून आठवतात. नदी परिवहन खात्याकडे बोटी होत्या, तांडेल होते, धक्के शाबूत होते, म्हणून पणजी चालू राहिली.

दुसरी गोष्ट, इथे फेरी हा रस्त्याचाच भाग मानतात. सरकारी खातं चालवतं, पायी माणसाला तिकीट नाही. दुचाकीला पैसे लावायचं २०२३ मध्ये ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि सरकारला थांबावं लागलं. महाराष्ट्रात तुमची फेरी खाजगी आहे, तिकिटावर चालते, आणि चालवणाऱ्यांनी ती नेटाने चालवली आहे. पण पुलाला सरकार शेकडो कोटी द्यायला तयार, आणि पाण्यावरच्या रस्त्याला काहीच नाही, हे मला समजत नाही. चोडण-रायबंदर मार्गावर २०२५ मध्ये आमच्याकडे मोठ्या रो-रो बोटी आल्या. जुन्या बोटींपेक्षा जास्त गाड्या घेतात, वेळ कमी लागतो. बोट आहे तशीच राहणार आणि पूल तेवढा नवा, अशी तुलना करू नका. सुधारलेल्या बोटीशी करा.

दिवाडी बेटावर तर पूल नको म्हणणारे पुष्कळ आहेत. पूल झालेल्या गावांच्या जमिनींचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

पन्हळेकाजी_वाटेवर

जमिनींचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, दाभोळपासून केळशीपर्यंत जमिनीचे व्यवहार पुलाच्या बातमीनेच वाढले आहेत. विकणारे बहुतेक मुंबईत राहणारे भाऊबंद, सातबारावर बारा नावं. गावात राहून बाग करणाऱ्याच्या हाती पैसे किती येतात? पुलाचा फायदा म्हणून "जमिनीच्या किमती वाढतील" असं लिहितात. ज्याच्याकडे विकायला आहे त्याला तो फायदा. ज्याला मुलासाठी घर बांधायला चार गुंठे हवेत त्याला तोटा. हिशोबात दोघं एकमेकांना खोडतात, मग फायद्याच्या बाजूला ते लिहायचंच कशाला?

लेखाजोखा

अगदी बरोबर. शिवाय वाचलेला वेळ एकदा मोजला असेल तर जमिनीची वाढलेली किंमत हा त्याच फायद्याचा दुसरा चेहरा असतो. दोन्ही मिळवले की एकच रुपया दोनदा मोजला जातो.

हॅलिफॅक्सवासी

मी मूळचा चिपळूणचा, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. इथलं उदाहरण तुमच्या चर्चेला फार जवळचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रिन्स एडवर्ड आयलंड हा बेटावरचा छोटासा प्रांत. १८७३ मध्ये तो कॅनडात सामील झाला तेव्हा मुख्य भूमीशी कायम बोटसेवा ठेवण्याचं वचन केंद्र सरकारने दिलं होतं. म्हणजे फेरी हा त्या लोकांचा लेखी हक्क होता. हिवाळ्यात सामुद्रधुनी गोठायची, बोटी बर्फ फोडत जायच्या, तासन् तास खोळंबा व्हायचा. पुलाचा विषय निघाला तेव्हा सरकारने १९८८ च्या जानेवारीत बेटावर जनमत घेतलं. साधारण ५९ टक्के लोक बाजूने होते. विरोध करणारेही थोडेथोडके नव्हते. मासेमारी करणारे, बेटाचं बेटपण जपू पाहणारे आणि बोटीवर काम करणारे.

मग जवळजवळ १३ किलोमीटरचा पूल झाला, ३१ मे १९९७ ला उघडला. पैशाची रचना बघण्यासारखी आहे. खाजगी कंपनीने बांधला, आणि फेरी चालवायला केंद्र सरकारला दरवर्षी जो खर्च येत होता साधारण तेवढी रक्कम सरकारने त्या कंपनीला ३५ वर्षं द्यायची ठरली. त्यावर टोल वेगळा. म्हणजे "फेरी बंद केल्याने किती वाचेल" हा आकडा आधी काढला आणि त्यावर पुलाचं गणित उभं केलं. टोल मात्र लोकांना वर्षानुवर्षं बोचत राहिला. गाडीला ५० डॉलरच्या वर गेला होता, २०२५ च्या ऑगस्टपासून केंद्राने तो २० डॉलरवर आणला.

मच्छीमारांची भीती होती की खांबांमुळे बर्फ अडून राहील आणि मोसमाला उशीर होईल. त्याचा अभ्यास झाला, मुख्य खांबांमध्ये २५० मीटरचं अंतर ठेवलं गेलं. विरोध ऐकून रचना ठरली, हे मला मोलाचं वाटतं. आणि जोराचा वारा सुटला की उंच ट्रकना या पुलावरही बंदी असते.

एक शेवटचं. पूर्वेकडची वुड आयलंड्सची फेरी आजही मोसमात चालते. पूल झाला म्हणून सगळ्या बोटी बंद केल्या नाहीत.

साकव

स्कॉटलंडच्या स्काय बेटाचंही असंच काहीसं आहे ना? तिथे टोलविरोधी आंदोलन झालं होतं असं आठवतं.

हॅलिफॅक्सवासी

हो. १९९५ मध्ये पूल उघडला आणि त्याच दिवशी मुख्य फेरी बंद झाली. त्यामुळे टोल भरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लोकांनी टोल भरायला नकार दिला, खटले चालले. शेवटी २००४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने पूल विकत घेऊन टोल काढून टाकला. जे नऊ वर्षांनी करावं लागलं ते पहिल्या दिवशी करता आलं असतं.

खाडीकाठचा

म्हणून माझी पहिली मागणी: पुलाला टोल लागणार का, आणि दाभोळ-धोपाव्याच्या माणसाला, इकडच्या तिकडे नोकरीला जाणाऱ्याला त्यात सूट किती, हे काम सुरू होण्याआधी लेखी हवं.

कातळपाट्या

अजून एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष नाही. पूल गावात उतरणार नाही. या खाडीतून मासेमारी बोटी जातात, आत उसगावला जहाजबांधणीची गोदी आहे, आणि ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग २८ म्हणून जाहीर झालेली आहे. त्यामुळे पूल उंच बांधावा लागणार. उंच पूल म्हणजे लांब जोडरस्ता, आणि तो बंदर सोडून डोंगराच्या अंगाने जाणार. आज फेरीसाठी थांबलेला माणूस बंदरावर चहा घेतो, वडापाव खातो, सुकी मच्छी घेऊन जातो, वेळ असला तर चंडिकेच्या दर्शनाला जातो, मशीद बघून येतो. उद्या तो वरून निघून जाईल. दाभोळ हे बहमनी काळापासूनचं बंदर. त्याच्या पेठेत आज जी थोडीफार वर्दळ उरलीय ती या रांगेमुळे आहे.

हा तोटा देशाच्या हिशोबात येत नाही, कारण चहा कुठेतरी प्यायला जातोच. दाभोळच्या हिशोबात मात्र तो सगळ्यात मोठा आहे.

वेलदूरची_लेक

हे वाचून मला माझ्या मावशीची आठवण झाली. धोपाव्याच्या बाजूला सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसते. नुकसानभरपाई जमिनीला मिळते, बोटवाल्याला कदाचित मिळेल, टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. पूल हवा असं मी अजूनही म्हणते. पण जोडरस्ता जिथे उतरेल तिथे पहिली जागा या बायकांना, आणि तीही आधी यादी करून. नंतर यादी केली की भलतीच नावं येतात.

आणि खांब खोदताना खाडीत गाळ किती पडणार, प्रवाह कुठे वळणार, आमच्या होड्यांना मोसमात वाट कुठून, हे कोण सांगणार? लोटे औद्योगिक वसाहतीतल्या रसायनी सांडपाण्याने आत खाडीतली भोई मंडळी आधीच पोळलेली आहेत. त्यांना परत विचारल्याशिवाय काही करू नका.

पन्हळेकाजी_वाटेवर

कांदळवनाला हात लावायचा तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालापासून. ते प्रकरण न्यायालयात येईल तेव्हा खाडीवरच्या लोकांना म्हणणं मांडता येतं. ग्रामपंचायतींनी आत्तापासून कागद गोळा करावेत.

गुहागर_आगर

मी आंबा बागायतदार. सगळे पुलाचं बोलताहेत, रस्त्याचं कुणी बोलत नाही. माझा माल चिपळूणवरून मुंबईला जातो. पूल झाला तर दापोली, मंडणगड, आंबेत, माणगाव असा जाऊ शकेल का? आजच्या रस्त्याने नाही. दापोलीपुढची वळणं आणि रुंदी बघा. दहा चाकी ट्रक तिथून रात्री नेणारा चालक मला दाखवा. सागरी महामार्गाचा पूल आधी आणि जोडणारा रस्ता मागून दहा वर्षांनी, असं झालं तर पुलावरून फक्त पर्यटकांच्या गाड्या जातील. सगळ्या खाड्यांवर एकामागून एक पूल आणि मधला रस्ता एकदम झाला तरच माझ्यासारख्याला उपयोग.

लेखाजोखा

हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद आहे. बाणकोटची खाडी, दाभोळ, जयगड ही साखळी आहे. बागमांडले-वेश्वी, तवसाळ-जयगड इथेही आज फेरीच आहे. एकट्या दाभोळच्या पुलाचा हिशोब तोट्यात जाईल आणि पूर्ण साखळीचा फायद्यात येऊ शकेल. म्हणून एक पूल मंजूर करून घेणं हे यश मानू नका. क्रम काय, जोडरस्ता कधी, हे विचारा. अर्धवट साखळीत आपण व्याज पूर्ण भरतो आणि फायदा तुकड्यातुकड्याने मिळतो.

साकव

एसटीचं पण लिहा कुणीतरी. आज दापोलीची गाडी दाभोळला येऊन थांबते, माणूस उतरून बोटीत बसतो, पलीकडे गुहागरची गाडी मिळाली तर मिळाली. दापोली-गुहागर थेट गाडी सुरू झाली तर ज्याच्याकडे स्वतःचं वाहन नाही त्याला पुलाचा फायदा होईल. गाडी सुरू झाली नाही तर त्याची पायी जायची बोटही गेली आणि हाती काही आलं नाही. कृषी विद्यापीठात शिकणारी पलीकडची मुलं, दापोलीला दवाखान्यात जाणारे म्हातारे, यांच्यापैकी तीन किलोमीटरचा उंच पूल पावसात चालत कोण जाणार आहे?

खाडीकाठचा

धागा सुरू केला तेव्हा मला पूल हवा होता, आताही हवा आहे. पण कोणत्या अटींवर, ते आता नीट सांगता येतं.

ग्रामसभेत मांडायला मी एक निवेदन लिहितो आहे. त्यात सर्वांत वर रात्रीची रुग्णबोट, तीही या पावसाळ्याआधी, पुलाची वाट न बघता. मग फेरीच्या तिकिटांवरून रोजच्या वाहनांची संख्या जाहीर करणं. त्यानंतर टोल आणि स्थानिकांची सूट, एसटीची थेट फेरी, बंदरावरच्या विक्रेत्यांची आधी यादी, आणि पूल उघडल्यावरही दोन्ही धक्के आणि एक तरी बोट चालू स्थितीत ठेवण्याची लेखी हमी. ज्यांना अजून काही घालायचं आहे त्यांनी इथेच लिहा. वेलदूर आणि धोपाव्याच्या ग्रामपंचायतींनी हेच निवेदन त्यांच्या ठरावाने दिलं तर वजन दुप्पट होईल.

वेलदूरची_लेक

आमच्या सभेत मी ठेवते. एक ओळ वाढवा: काम चालू असताना मासेमारीच्या मोसमात खाडीत बोटींना किती रुंदीची वाट मोकळी राहील, ते नकाशावर दाखवून द्या. हा नकाशा मराठीत हवा, आणि बंदरावर लावलेला हवा.